मशीनच्या गळ्यातला बिल्ला

फौजेतनं रिटायर होऊन पलूसच्या दवाखान्यात एक्स-रे काढाय लागलो, तवाची गोष्ट गड्यांनो. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला आमाला छातीला लावायचा असतोय. मी खंडेनवमीला पूजेत ठिवलेला तो बिल्ला हारासकट मशीनच्या तोंडाला अडकवला, आन् तिथंच विसरलो.

डिसेंबर सरल्यावर बिल्ला तपासायला गेला, तसं किरणांवर नजर ठेवणारं सरकारी साहेब थेट मुंबईवरनं मशीन सील करायला हजर!

"या बिल्ल्याचा माणूस आतापर्यंत जिवंत नसणार. कोण होता तो?"

"मीच की, साहेब."

"तुम्ही जिवंत आहात याला पुरावा?"

मी पेन्शनीचा हयातीचा दाखला फुडं केला. साहेबांनी तो उलटसुलट बघितला.

"हा नोव्हेंबरचा आहे. बिल्ला डिसेंबरअखेरचा. नवीन आणा."