पेटी कोणी केली?

गाव आमचं मालवणकडचं, पण जन्म माझा लालबागचाच, बाप मिलच्या सुतारखात्यात होता, मग मीपण तिथंच चिकटलो. तुमच्या त्या टेपचा लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू झाला ना तो? नाही, विचारून घेतलेलं बरं. मला सवय आहे.

ही सवय संपानं लावली. काय सांगू तुम्हाला, संप लांबला तसा माणूस माणसाकडे तिरका बघायला लागला, आज हा कुठं गेला होता, मागच्या गेटनं आत तर नाही ना गेला, असं. त्यात आमचा मुकादम, शिवराम तावडे, एक दिवस येऊन बोलला, गणपत, गावी भांडी धाडायचीत, पेटी करून दे, तळाला चोरकप्पा ठेव. मी केली. तेव्हा मी साधा होतो. चार दिवसांनी पोलीस दारात, चोरकप्प्यात मिलचं पितळ सापडलं होतं. साहेबानं तावडेला विचारलं, पेटी कोणी केली, तो बोलला गणपत धुरीनं. झालं, दोन दिवस मी आत. नेताना अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती, सुटून आलो तरी बघतच राहिली.

मग मिल गेली ती गेलीच. मी गॅलरीत बसून पाट, चौरंग, देव्हारे करायला लागलो. तर एकदा गिरगावातला एडी आला, केस मानेपर्यंत, जहाजावर गोऱ्या लोकांसमोर ड्रम वाजवायचा. बोलला, मामा, एक खोका पाहिजे, बसता येईल एवढा उंच, मागं गोल भोक, पुढं पातळ प्लाय, आणि प्लायचे वरचे स्क्रू ढिले ठेवायचे. आता तुम्हीच सांगा, भोक, ढिली फळी, माणूस जहाजावरचा, माझ्या मनात पाल चुकचुकणार नाही? मी विचारलं, काय ठेवणार आत? तो बोलला, काहीच नाही, वर बसून हातानं वाजवणार, ही पेटी मूळची पेरूची. मी बोललो, पेरूच्या लाकडाची पेटी मी जन्मात नाही बघितली. हसला. पेरू म्हणे देश आहे. हिनं आतून ऐकलं, तो गेल्यावर बोलली, तुमी परत तसल्या पेटयेक हात लावू नकात.

पण हाताला काम नव्हतं, आणि खरं सांगू, नवीन वस्तू करायची खाज. रे रोडच्या वखारीतून प्लाय आणला, पेटी केली. स्क्रू मात्र सगळे गच्च आवळले. एक तर ढिला स्क्रू सोडणं माझ्या हातून व्हायचं नाही, आणि दुसरं, फळी हललीच नाही तर आत काय सारणार? तरी जीव राहीना, तेव्हा मीच बोललो, पेटी मी स्वतः पोचवतो.

रविवारी सकाळी गिरगावात एका शाळेच्या हॉलात गेलो. तिघंच वाजवणारे, एडी, एक पियानोवाला आणि एक माणसापेक्षा उंच व्हायोलिन उभं धरणारा. जमिनीभर वायरी, समोर खुर्च्यांवर माणसं. टेप करणारा बोलला, सगळं एका दमात, लोकांसमोर, चूक झाली तरी ती आत राहणार. स्पेनचं वाजवणं, त्यात तिकडच्या बेटांवरचे नाचाचे ठेके आणि जाझ, असं काहीतरी तो सांगत होता, मी पेटीच्या भोकात दोनदा वाकून बघून घेतलं.

एडी बसला, थाप मारली. ढप्प. परत मारली, ढप्प. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला, अगदी त्या गॅलरीसारखा. एडी बोलला, मामा, आवळलेत काय? मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खाली बसलो, वरचे चारी स्क्रू अर्धा अर्धा आटा सोडले. त्यानं बोट लावलं आणि फळी खर्रर्र बोलली, उडदाच्या वाळक्या शेंगा हलवाव्यात तशी. मग तिघं सुटले. मी भजनातला माणूस, चार-चारनं मोजत होतो आणि दरवेळी फसत होतो, त्यांचे ठोके बारा, जोर भलतीकडेच यायचा. शेवटी मोजायचं सोडलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

संपल्यावर तो टेपवाला कागद-पेन घेऊन आला नि मोठ्यानं विचारलं, पेटी कोणी केली? तेच शब्द हो. तोंडातून निघून गेलं, शिवराम तावडे. त्यानं लिहून घेतलं, मी मागं न बघता घर गाठलं.

पुढं एडीनं कॅसेट धाडली, तोवर तो परत जहाजावर गेलेला. कव्हरवर बारीक इंग्रजीत, मी अक्षरं जुळवून वाचलं, पेटी बनवणारा शिवराम तावडे. कव्हरवर टाकायला विचारत होता तो माणूस! ही बोलली, पेटी तुमी केलात नि नाव त्या मेल्याचा?

आता तावडे नाही, हीपण नाही. तावडेचा नातू याच चाळीत राहतो, मोबाइलवर ते गाणं लावतो आणि कव्हरवरचं नाव दाखवून सगळ्यांना सांगतो, आमच्या आजोबांची पेटी. मी गॅलरीत बसून ऐकतो. चोरीच्या पेटीला माझं नाव आणि या वाजणाऱ्या पेटीला त्याचं. एडी असेल तिथं सुखात राहो, वाजवलं पोरानं. तुम्ही मात्र लिहा, गणपत बाबी धुरी, सुतार. लिहिलंत? दाखवा बघू.