खिळ्यावरची शेवटची घंटा

मिलेना : "उकळी फुटेपर्यंत दम धर," एवढंच म्हणाल्या होत्या डॉक्टर स्तोयना. मी चांगली कॉलेज शिकलेली, तरी हसण्यावारी नेलं.

झेको : कसली उकळी, मास्तरीणबाई? आधी दुधाचे कॅन इकडे सरकवा. टँकरला अजून चार गावं करायचीत.

मिलेना : घ्या. तीन वर्षांपूर्वीचा हाच दिवस, गेर्ग्योवदेन, मेंढपाळांचा सण. सणाची पहिली धार घरातल्या सगळ्यात लहानाला न उकळता कोमटच पाजायची, हा आमचा शकुन. इवा तेव्हा दोन वर्षांची. पाजली.

झेको : मलाही आजीनं पाजलीय. म्हणून तर असा रेडा झालोय.

मिलेना : तुम्ही रेडा झालात, माझी पोर महिन्याभरात लंगडायला लागली. रोज संध्याकाळी ताप, घामानं उशी ओली. शहरातले डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं. आमच्या गुरांच्या डॉक्टर स्तोयनांनी एकच विचारलं, दूध कुठल्या मेंढीचं? रोग तिथं सापडला. औषधं झाली, इवा उभी राहिली.

झेको : गुरांची डॉक्टर? म्हणजे ती खाटीकबाई! खालच्या गावात हेच म्हणतात तिला.

मिलेना : म्हणू दे. रोग पसरू नये म्हणून आमचा अख्खा कळप मारावा लागला, एकशे बारा मेंढ्या. कळप नेऊ नये म्हणून सासरे वाड्याच्या फाटकात आडवे पडले होते. बाईंनी आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या तेवीस घंटा एकेक करून स्वतः सोडवल्या, धुतल्या, या भिंतीवर टांगल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "वेल्को, मेंढ्या मी नेते. त्यांचा आवाज तुझ्याकडे ठेवते."

झेको : आणि म्हातारा ऐकला?

मिलेना : वर्षभर बोलले नाहीत त्यांच्याशी. तोवर बाईंनी डोंगरापलीकडून इथल्याच जातीच्या निरोगी मेंढ्या आणि मेंढे जमवून दिले. मग दर खेपेला रक्त तपासायचं, निर्दोष निघाल्या की चार-पाच घंटा परत बांधायच्या. निवृत्त झाल्या तरी चढण चढून येतात. चौतीस वर्षं आणि सव्वीस गावं, झेकोभाऊ. आज त्यातल्या एकाही वाड्यात हा रोग नाही. तुमच्या टँकरातलं दूध त्यांचं आहे.

झेको : बरं बाई, 'खाटीक' शब्द माघारी घेतला. पण खिळ्यावर ती एक राहिलीय की.

मिलेना : शेवटची. काल तपासणीचा कागद आला, सगळा कळप निर्दोष. ही त्या आज स्वतः बांधणार होत्या. सहाला येते म्हणाल्या, आता नऊ झाले. सासरे नवा सदरा घालून फाटकात उभे आहेत, तेच फाटक. बाई फोन उचलत नाहीत.

झेको : डोळा लागला असेल. वय झालं.

मिलेना : हसण्यावारी नेऊ नका. मी एकदा नेलंय. नवरा कळपामागे वर गेलाय, सासऱ्यांचे गुडघे उतार झेपू देत नाहीत, मी इवाला घेऊन पायी उतरेपर्यंत फार उशीर होईल.

(झेको शेवटचं झाकण लावतो.)

झेको : घर कुठलं?

मिलेना : पुलापलीकडे, निळं दार. ही घंटा घेऊन जा आणि दाराशी हलवा. प्रत्येक घंटेचा आवाज त्यांना पाठ आहे, ही जिच्या गळ्यात होती त्या मेंढीचं नाव आतूनच सांगतील, शारा. सांगितलं तर त्यांना टँकरात बसवून वर आणा. नाहीच आला आवाज, तर दार ढकला. बाकीची गावं थांबतील, भाऊ. आधी त्यांना बघून या.