चर्चची विहीर

माझ्या थापा सगळ्यांना पाठ आहेत. पण हे मी टँकरच्या रांगेत ऐकलं, माझ्यामागच्या आजीबाई आणि चर्चचा राखणदार बोलत होते तेव्हा.

“काय रे, विहिरीचा मालक तू, आणि रांगेत?”

“आटली, मावशी. सकाळी बादलीत नुसता चिखल आला.”

“अरे, उद्या माझ्या नातीचा बाप्तिस्मा! आमच्या चार पिढ्यांचे त्याच पाण्यानं झाले.”

“म्हणून तर कळशी घेऊन उभा आहे.”

“पाळकांना किती सांगितलं, हिरवळीवर दिवसभर पाणी सोडू नका.”

“ते म्हणायचे, देवाच्या अंगणात पाण्याला काय तोटा?”

“आणि तू?”

“मी नळ सोडायचो. पावसासाठी प्रार्थना झाली, त्या दिवशीही पायऱ्या पाईप लावून धुतल्या.”

“देवानं वरून पाहिलं असेल. म्हणाला असेल, यांच्याकडे तर उतू चाललंय.”

“बोला, मावशी. माझं चुकलंच. तुमच्या घरी वाटीभर तरी असेल?”

“होतं. सकाळी तिच्या दुधाच्या बाटलीत गेलं.”

तेवढ्यात टँकरवाला ओरडला, “संपलं! घरी जा!”

“मावशी, पुढच्या रविवारी करू या का?”

“पुढच्या रविवारी कुठून आणशील?”

“मग उद्या घंटा वाजवू की नको?”

“वाजव बाबा. तिला पाणी लागत नाही.”