पोवळ्याचा मोगरा

अगं ऐका ना, काल राजवाड्यामागे सोनाराकडे नंबर लावून बसले होते, तर शेजारी या मायलेकी! आई सोनाराला सांगत होती,

"भिया, ये फूल घिसके एकदम चिकना कर दो. निवेदिताच्या मंगळाच्या अंगठीत बसवायचंय."

"आई, घासायचं नाही! इटलीहून आणलंय मी."

"नक्षीवालं पोवळं मंगळाला चालत नाही, गुरुजी बोललेत. लग्न अडलंय ना तुझं?"

"अगं, तिथल्या त्रापानी बंदरात चारशे वर्षांपूर्वी गल्लोगल्ली पोवळं कोरायचे. मग समुद्रातलं पोवळं आटलं, कारागीर पांगले."

"त्यांचीपण लग्नं अडली असतील."

"आई! हे कोरणारे आजोबा तिथल्या उरलेल्या मोजक्या कारागिरांपैकी. ते विचारत होते, आईला कोणतं फूल आवडतं?"

"माझं काय मधेच?"

"तुझ्यासाठीच तर आणलंय! मोगरा आहे तो. त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, मी मोबाइलवर फोटो दाखवला."

"मोगरा? बघू दे."

"आता घास."

"भिया, रुको जरा! मशीन बंद करो. लॉकेट बना दो इसका. माझ्या चेनमध्ये."

"आणि माझा मंगळ?"

"तो तुझा नवरा बघेल."