मंचुरियन कोणाचं?

आमच्या ऑफिसात गोबी मंचुरियनने समेट घडवलाय यार, खोटं नाही सांगत! अमेरिकेत चँडलर शहरातल्या आमच्या टीममध्ये चीनचा ली आणि तैवानचा चेन. तैवान कोणाचं, यावरून दोघांचं बोलणंच बंद. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी घरून मंचुरियन नेलं आणि हौसेने वर चिठ्ठी लावली: ‘चायनीज’.

लीने एक घास खाल्ला.

“मी मंचुरियातच वाढलो. आमच्याकडे असलं काही नसतं. चेन, तुमचं आहे का हे?”

म्हटलं, झालं, आता पेटणार!

चेनने चव घेतली, तिखटाने पाणावलेले डोळे पुसले. “छे, आमचंही नाही.”

लीने चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “हा भारताचा अविभाज्य भाग आहे.”

चेन म्हणाला, “आमचा पूर्ण पाठिंबा!”