घरीच पडले म्हणायचं!

अहो, पण मी म्हणते, स्वतःचा हात मोडला तर निदान तो कुठे मोडला एवढं तरी माणसाने खरं सांगू नये? हळू बोलते हं, कुणाच्या कानावर जायला नको... तुम्हाला सांगते, आमच्या लॉन्ड्रीतलं तीन नंबरचं मशीन महिनाभर गळतंय! दवाखान्यांच्या चादरी धुतो आम्ही, ढीगच्या ढीग, आणि पायाखाली हे साबणाचं पाणी! मी ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन निघाले, पाय सर्रकन सरकला, आणि मनगट असं वाजलं की पलीकडून इस्त्रीवाली ओरडली, "काय फुटलं गं?"

सुपरवायझर धावत आला. मला वाटलं, पाणी देईल. कसलं काय! वाकून, अगदी गोड आवाजात, "ताई, घरीच पडले म्हणायचं हं. उगाच सरकारी माणसं येणार, कागद मागणार, मालक चिडणार... आणि तुमच्या जागेवर यायला दहाजणी उभ्या आहेत." नवऱ्याचं काम सुटून चार महिने झालेत हो, मी पण घरी बसले तर खायचं काय? म्हटलं, हो साहेब, घरीच पडले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई देवळात; परतल्यावर त्यांनाही तेच सांगितलं, आणि डॉक्टरांकडे सोबत त्याच. "कुठे पडलात?" "घ... घरी." "घरात कुठे?" आता आली का पंचाईत! बाथरूम म्हणून मोकळी झाले. डॉक्टर वळले सासूबाईंकडे, "आजी, फरशी घासत जा की जरा!" अहो, रोज उठल्याउठल्या बाथरूम घासणारी ती बाई, बहात्तर वर्षांची! घरी आली आणि गुडघे टेकून पुन्हा घासायला बसली. मला भरवायची आणि म्हणायची, "माझ्यामुळे झालं गं तुझं." पण सांगू कशी? सांगावं तर नोकरी जायची भीती, न सांगावं तर ही झुरतेय...

आणि परवा काय व्हावं? इस्त्रीवालीचा पाय त्याच पाण्यात! डोक्यावर आपटली, चार टाके. मी धावत भेटायला गेले, तर डोक्याला एवढी मोठी पट्टी, आणि मलाच सांगते, "घरीच पडले मी." मला! ज्या जागी मी पडले त्याच जागी पडून! तेव्हा मात्र मी जी घाबरले ना... म्हटलं, उद्या एखादी पडली ती उठलीच नाही, तर तिच्या घरच्यांनीही म्हणायचं का, घरीच पडली?

तडक आले आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे... माझी फरशी चांगली होती?" आणि चपला घालून दारात उभ्या! "चल, कुठे कळवायचं असतं तिथे."

कामगार कार्यालयात मी कसंबसं नाव सांगितलं. अधिकारी मान वर न करता, "साक्षीदार?" आता कोण देतंय साक्ष! तर सासूबाई पुढे, "मी आहे. ही माझ्या बाथरूममध्ये पडलेली नाही!" अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, न पडल्याची साक्ष चालत नाही." "मग येऊन बघा ना! पाणी अजून तिथेच आहे!" आणि काय सांगू, लिहून घेतलं हो त्यांनी! म्हणाले, "उद्या सकाळी तपासणीला येतो."

झालं! घरी येऊन पाण्याचा पेला तोंडाला लावतेय, तोच फोन. सुपरवायझर! "काय ताई, कामगार कार्यालयात दिसलात म्हणे?" सासूबाई समोरून खुणा करतायत, बोल, खरं बोल, कळवलंय आपण, आता कसली भीती... आणि मी बोलणारच होते हो, शपथेवर सांगते, श्वासही घेतला होता! पण जिभेला सवयच लागलीय मेली. म्हटलं, "छे हो साहेब, मी तर घरीच होते!"