पुढं बारा, मागं अठ्ठेचाळीस

पहिल्यांदा चूक सांगतो, मग बाकीचं सांगतो, न्हायतर मी गोड गोड बोलत बसंन आणि तुम्हाला वाटंल माणूस बरा हाय. दत्तूची सोयरीक मी मोडली. भांडण लावून न्हाय, चुगली करून न्हाय, दोन पाने आणि एक पक्कड घेऊन मोडली. त्याच्या मोटारसायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्र्या त्याला न सांगता बदलल्या, पाऊण तासाचं काम, आणि त्यात त्याची अकरा वर्षं गेली. ह्या अकरा वर्षांत मी हे बायकोलासुद्धा सांगितलं न्हाय.

आमचं गाव ढोकीपासनं नऊ किलोमीटर आत. वडील बैलगाडीनं कारखान्यावर ऊस घालायचे, मला बैलाचं काय कळत नव्हतं पण चाकाचं कळायचं, कुणाची सायकल दिसली की उलटी करून बसायचो. नववीत शाळा सोडली, लातूरला एका गॅरेजात पाच वर्षं हात काळे केले, आणि मग ढोकीच्या फाट्यावर चार पत्रे टाकून स्वतःचं गॅरेज काढलं. समोर चहाचं हॉटेल, बाजूला पंक्चरवाला. दत्तू माझ्याच गावचा, माझ्याच बाकावरचा. बाप लवकर गेला, घरात तो आणि त्याची आई, सोजरमावशी. चार एकर सोयाबीन, एक म्हैस, व्यसन कसलंच न्हाय, पण तोंड मोठं. तोंड लई मोठं. ते पुढं येतंच.

आता चक्रीचं सांगतो, त्याबिगर तुम्हाला कळायचं न्हाय. आमच्याकडं गाडी नुसती बसून हिंडायला नसती. तिच्यावर दुधाचे कॅन असतात, ऊसतोड चालू झाली की वाढ्याच्या, म्हंजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, पेंढ्या आडव्या बांधतात, एवढ्या की समोरच्याला नुसतं चालतं गवत दिसतं. अशी गाडी चढाला दम टाकती. मग दूधवाले माझ्याकडं यायचे, म्हणायचे भास्कर, पिकप वाढवून दे. पुढच्या चक्रीचे दात कमी करायचे, मागच्या चक्रीचे वाढवायचे, चेनला दोन कड्या जोडायच्या, झालं. गाडी जागेवरनं अशी उठती की बैलाला पराणी टोचल्यागत. पण वर पळत न्हाय. जी ऐंशीला जायची ती पन्नाशीतच कोकलायला लागती. मी प्रत्येकाला आधी सांगायचो, बाबा, उठंल पण पळणार न्हाय, आणि पहिले दोन दिवस क्लच जपून सोड, मागं बाईमाणूस बसवू नको. प्रत्येकाला सांगायचो. एकाला सोडून.

झालं असं, एका बाजारच्या दिवशी गॅरेजम्होरं पाचसहा गिऱ्हाईकं उभी होती. एकजण नवीन गाडी घेऊन पहिल्यांदाच आलेला. दत्तू हॉटेलातनं चहा पीत आला आणि त्या माणसाला म्हणाला, पाव्हणं, इथं कशाला आलाव, भास्करच्या हाताखालनं गाडी गेली की पेन्शनीलाच लागती. सगळे हसले. तो माणूसबी हसला, हसत हसत गाडी चालू करून निघून गेला. दत्तूच्या मनात काय नव्हतं, त्याची बोलायची रीतच तशी, दुपारी त्यानंच मला भजी खायला घातली. मी भजी खाल्ली आणि राग ठेवला.

चार दिवसांनी दत्तू गाडी घेऊन आला. म्हणाला, उद्या पाहुणे येणार हायेत, परंड्याकडचे, पोरगी बारावी झाल्याली, आपल्या पोरींना हल्ली शेतकरी नको असतो पण ही मंडळी हो म्हणतेत. ऑइल बदल, ब्रेक ओढ, धुऊन पुसून ठेव, सकाळी इथंच येतो आणि इथनंच पाहुण्यांना घेऊन जातो. तेहतीस वर्षांचा झाला होता. दोन ठिकाणी नकार आलेला. नवीन शर्ट दाखवायला आणला होता पिशवीत, मला म्हणाला, बघ रं, लई भडक न्हाय ना?

पोरीला बाप नव्हता, मामानं वाढवलेली, मामाचा शब्द शेवटचा. आणि आमच्याकडं अशा मामाची रीत असती, बाकीची माणसं जीपमध्ये बसतात, मामा फाट्यापासनं पोराच्या गाडीवर मागं बसतो. रस्त्यानं दोन गोष्टी काढतो, शेताला पाणी किती, भाऊबंदकी हाय का, रस्त्यात पोराला रामराम कोण कोण घालतं ते बघतो. नऊ किलोमीटरात पोरगं कळतं म्हणतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर केलं.

सकाळी सातला गॅरेज उघडलं. पुढं चौदा दातांची चक्री होती ती काढली, बाराची बसवली. मागं बेचाळीसची होती, तिथं अठ्ठेचाळीसची. वरनं चेनकव्हर लावलं. चेनकव्हरच्या आत कोण बघतंय? मग गाडी अशी पुसली की तोंड दिसावं. काय सांगू तुम्हाला, मी त्या वेळेला शीळ घालत होतो.

दहा वाजता जीप आली. मामा खाली उतरले, किडकिडीत माणूस, पांढराशुभ्र पायजमा, टोपी. दत्तू वाकून पाया पडला, त्यानं गाडी बाहेर काढली. हॉटेलातली माणसं मी आधीच म्होरं बोलावून ठेवली होती, म्हटलं दत्तूचे पाहुणे बघायला या. मामा मागं बसले, एका हातात पानाची चंची. दत्तूनं रोजच्या हातानं रेस दिली, रोजच्या हातानं क्लच सोडला. गाडी उडाली आणि मामा जागच्या जागी राहिले. म्हणजे डांबरावर. बसल्या बसल्या खाली. टोपी एकीकडं, चंची एकीकडं.

पहिला मी हसलो. मग सगळं हॉटेल हसलं.

मामा बिचारा मनानं मोठा. उठला, मागची धूळ झटकली आणि म्हणाला, दमानं जावईबापू, अजून सासरा झालो न्हाय तुमचा. परत बसला. आता दत्तूनं क्लच हळू सोडला, गाडी बंद पडली. परत चालू केली, परत उसळली, मामानं त्याचा नवा शर्ट मागनं मुठीत धरला. तसेच गेले. रस्ता सरळ, पण काटा पन्नासच्या वर जाईना, इंजिनाचा आवाज असा की शेतातली माणसं उभी राहून बघायची, आणि मागनं जीपवाला हॉर्नवर हॉर्न. निम्म्या वाटंत मामा उतरला आणि जीपमध्ये जाऊन बसला. कंबर धरली होती त्याची. घरी जाऊन पोहे खाल्ले ते उभ्यानंच, बसता येईना म्हणून. हे सगळं मला सोयरीक आणणाऱ्या मध्यस्थानं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, ज्याला स्वतःची गाडी कळंना त्याच्या मागं आमची पोरगी कशी बसवावी.

इथवर कुणी म्हणंल चेष्टा होती, अंगाशी आली. पण खरं पाप पाहुणे आले त्याच दिवशी संध्याकाळी केलं. दत्तू गाडी घेऊन आला. एवढंसं तोंड. म्हणाला, भास्कर, काय झालंय बघ रं हिला. मी म्हटलं, जा, चहा पी, चक्कर मार, तासाभरानं ये. तो गेला तसं दोन्ही चक्र्या बदलून जुन्या जशाच्या तशा बसवल्या. आल्यावर गाडी चालवून दाखवली आणि म्हटलं, हिला काय झालं न्हाय, तुझ्याच हातात क्लच न्हाय, आणि घाबरून तू तिसऱ्या गेरवरच चालवली असशील. त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. म्हणाला, व्हय, आसंल. गाडी हे माझं काम, त्यातलं मला जास्त कळतं, म्हणून त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

गावानं त्याचं नाव पिकप ठेवलं. त्या दिवसापासनं दत्तू न्हाय, पिकप. पोरंटोरं म्हणायची, बाया म्हणायच्या, पीठगिरणीत पिशवीवर खडूनं पिकप लिहायचे. पुढं दोन ठिकाणं आली, पण त्यांच्या आधी गोष्ट पोचली. मामा डांबरावर बसला ही गोष्ट सांगितल्याबिगर आमच्या भागात हळद लागत नव्हती. त्याचं ते मोठं तोंड बंद झालं. हॉटेलात यायचा, चहा पिऊन जायचा. आणि त्यानं गाडीवर मागं कुणाला बसवायचं सोडलं. कुणालाच. आई गुडघे धरत जीपमध्ये चढून फाट्यावर यायची आणि हा गाडीवर एकटा म्होरं जाऊन तिची वाट बघत उभा राहायचा. लोक त्यालाबी हसायचे. मीबी हसलो. माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली, पत्र्याचं गॅरेज पक्कं झालं, आणि एकदा बायकोम्होरं मीच त्याला हाक मारली, ये पिकप.

ह्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारचं गिऱ्हाईक न्हाय बघून दत्तू गॅरेजात आला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दाढी पिकल्याली. पान्यांच्या खोक्यावर बसला. मग म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय धाराशिवला, तिला जीपमध्ये चढवत न्हाय आता, गाडीवरच न्यावं लागतंय. म्हणाला, भास्कर, तू हसू नको. मला क्लच सोडायला शिकवतोस का?

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं मी रडंन, पण रडूबी येईना. मी त्याला तिथंच सांगितलं. पुढं बारा, मागं अठ्ठेचाळीस, आणि संध्याकाळी परत काढल्या ते. तो ऐकत होता. मला वाटलं पाना उचलून डोक्यात घालंल, घालावा असंच वाटत होतं. त्यानं एवढंच विचारलं, किती वेळ लागला रं बदलायला?

म्हटलं, पाऊण तास.

म्हणाला, पाऊण तासात एकदाबी वाटलं न्हाय तुला?

मी पाय धरायला वाकलो तर पाय मागं घेतला. म्हणाला, माझं जाऊ दे, मला सवय झाली. माझ्या आईला सांग जा.

तसाच त्याच्या मागं गेलो, तो त्याच्या गाडीवर, मी माझ्या. सोजरमावशी ओट्यावर तूर निवडत बसली होती, हातानं चाचपून. तिला कानानंबी कमी ऐकू येतं, चार वर्षं झाली. मी जवळ बसून हळू सांगायला लागलो. तिनं कान पुढं केला, म्हणाली, मोठ्यानं बोल बाबा. थोडं मोठ्यानं बोललो. म्हणाली, आजून मोठ्यानं. दत्तू म्हशीपाशी उभा होता, त्यानं मान वळवली न्हाय. मग मी ओरडून सांगितलं. मावशी, ते पाहुणे आले होते ना दत्तूला बघायला, त्यांना मी पाडलं, गाडीत मी खोड केली, तुमच्या पोराची चूक नव्हती. आळीतल्या बाया दारात आल्या. शेजारचा जेवता जेवता उठून आला. सगळ्यांनी ऐकलं. अकरा वर्षं जी गोष्ट सांगून ही माणसं हसली, ती आता माझ्या तोंडून ऐकत होती आणि कुणी हसत नव्हतं.

म्हातारीनं हातातली तूर सुपात टाकली. तिचं तोंड असं उजळलं की मला बघवंना. म्हणाली, म्हणजे त्यांना आता खरं कळलं व्हय? मग कवा येतेत ती माणसं?

ती पोरगी केव्हाच नांदायला गेली, तिची पोरं शाळेत असतील आता. हे मी कसं ओरडून सांगू? मी तिचे पाय धरले, डोकं टेकवलं आणि आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, मावशी, कुणी येणार न्हाय. माझ्यामुळं येणार न्हाय. मला माफ करा.